काळ्यावर पिवळं

वर्तमानपत्राची उपनगर पुरवणी बंद झाली, तेव्हा मी त्या पुरवणीत उपसंपादक होते. पुरवणी बंद होतेय हे आम्हाला मेलने कळलं. मेल नीट लिहिलेला होता. तीन परिच्छेद, शेवटी शुभेच्छा. वाचताना मी दुसऱ्या परिच्छेदातलं एक विशेषण मनातल्या मनात कापलं. मग घरी गेले, कुकर लावला. त्या दिवसाबद्दल याहून जास्त काही आठवत नाही.

पुढे महापेला नोकरी मिळाली. कंपनी पंप बनवायची. कारखाना रबाळ्याला आणि ऑफिस महापेला, एका काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. माझ्या पदाचं नाव ‘अंतर्गत संपर्क’ असं होतं. कोणाचा वाढदिवस, कोण निवृत्त झालं, कोण वारलं, कोणत्या दिवशी पाणी येणार नाही, हे सगळ्यांना मेलने कळवायचं. बातमीच होती ती, फक्त वाचक ठरलेले होते आणि त्यांना सुटका नव्हती.

जुने मालक हौशी होते. मेल कसा दिसावा, याबद्दल त्यांनी कधी नियम केला नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मेलला आपापलं रूप दिलं होतं. खरेदी विभागातल्या गृहस्थांच्या मेलमागे दवबिंदू असलेलं कमळ असे. अकाउंट्सच्या प्रमुखांनी जळक्या कडांचा, जुन्या फर्मानासारखा कागद निवडला होता आणि त्या फर्मानावरून ते करबचतीच्या पावत्या मागवत. मनुष्यबळ विभागातल्या मुलीच्या मेलवर गुलाबी रंगात टेडी अस्वलं होती. उशिरा येणाऱ्यांना ताकीद त्याच अस्वलांवर जायची. मी रुजू होण्यापूर्वी एका फिटरच्या निधनाची बातमीही त्याच अस्वलांवर गेली होती, असं मला सांगण्यात आलं. कोणी हसलं नव्हतं. कोणी अस्वलं बदललीही नव्हती.

स्टोअरच्या साहेबांच्या मेलमागे गणपती होता, फिकट शेंदरी. त्याच्या पोटावरून ‘गंजलेले पत्रे परत पाठवावेत’ अशा ओळी जात. हे त्यांना बरं वाटत नसे, म्हणून गणपती लागला की ते वाक्य तोडत आणि उरलेलं सोंडेच्या पलीकडे लिहीत. त्यांचे मेल म्हणून दोन रकान्यांत वाटल्यासारखे दिसायचे.

मग कंपनी विकली गेली. नवे मालक मोठे होते, त्यांचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात होतं. त्यांनी पहिल्या काही आठवड्यांतच ठरवलं की सगळ्या कंपनीचा मेल एकसारखा दिसला पाहिजे. पांढरी पार्श्वभूमी, बारीक करड्या रंगाची अक्षरं, खाली एक पट्टी. प्रत्येकाने आपली थीम, म्हणजे मेलमागचं चित्र आणि रंग, स्वतः काढायची, आणि एका ठरलेल्या सोमवारपासून सर्व्हरच नवी थीम सगळ्यांवर घालणार. परिपत्रक लिहिण्याचं आणि पाठपुरावा करण्याचं काम माझ्याकडे आलं.

परिपत्रक मी एका पानात बसवलं. त्याला लोकांनी दिलेली उत्तरं फार नव्हती. कमळ त्याच दुपारी गेलं. अस्वलंही गेली. अकाउंट्सचे साहेब जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “मॅडम, साध्या कागदावर लोक पावत्या देत नाहीत हो.”

स्टोअरच्या साहेबांनी फोन केला.

“मॅडम, बाप्पाला काढू म्हणता?”

“सगळ्यांचंच काढायचंय.”

“माझ्या हाताने नाही होणार. तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगा, तिथून काढा. पाप तुमच्या नावावर.”

“चालेल.”

“आज नको पण. आज संकष्टी आहे. उद्या काढा.”

मी कॉम्प्युटर विभागाला तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी गणपती काढण्यात आला. त्यानंतर साहेबांची वाक्यं पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ लागली, आणि ती वाचायला अवघड आहेत असं लोक म्हणू लागले.

एक मेल मात्र तसाच येत राहिला. रबाळ्याच्या डिस्पॅचमधून. काळीकुट्ट पार्श्वभूमी आणि त्यावर जाड पिवळी अक्षरं, इतकी मोठी की दोन ओळींचा मजकूर अर्धा पडदा व्यापायचा. ऑफिसात त्याला ‘काळी-पिवळी’ म्हणत. “काळी-पिवळी आली बघ,” असं कोणी म्हटलं की माल निघाला, एवढं समजायचं. पाठवणाऱ्या बाई कोण, हे महापेत फारसं कोणाला माहीत नव्हतं. मी दोनदा स्मरणपत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. म्हणजे माल निघाल्याचं आलं, काळ्यावर पिवळं.

मी रबाळ्याला गेले.

डिस्पॅचची शेड कारखान्याच्या मागच्या बाजूला होती. एका कोपऱ्यात प्लायवूडची खोली, खोलीला काच, काचेला आतून जुने पुठ्ठे लावलेले. दारासमोर फोर्कलिफ्ट उभी होती आणि तिच्यावर बसलेला माणूस मला वाट देत नव्हता. तो घणसोलीचा, तिथल्या गावठाणातला.

“कोन पायजे?”

“डिस्पॅचच्या मॅडम.”

“मॅडम हितं कोन नाय. ताई हाय.” मग आत तोंड करून ओरडला, “ताई, हापिसातनं साहेबीन आलीय. पंखा लावा, नायतर वितलंल.”

“तू गाडी लाव आधी,” आतून आवाज आला. “सकाळधरनं एक गाडी लागंना आनि तोंड बघा.”

त्या पंचेचाळिशीच्या असाव्यात. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला करंजाड्याला. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी होता. मणक्याची गादी सरकल्यापासून त्याने पाठीवर पोतं घेतलं नव्हतं, आणि घर बाईंच्या पगारावर चाललं होतं. हे सगळं त्यांनी पहिल्या पाचेक मिनिटांत, चहा सांगता सांगता सांगितलं, तक्रार न करता, जसं गाडीत काय माल आहे ते सांगतात तसं.

मी कामाचं बोलले.

“सगळ्यांचं काढा मॅडम,” त्या म्हणाल्या. “माझं ऱ्हाऊ द्या.”

“का?”

“मला आवडतं.”

“आवडीचा प्रश्न नाहीये. सगळ्यांना एकच नियम आहे.”

“नियम बरोबर आहे. मी कुठं नाही म्हणते?”

चहा आला. चहा आणणाऱ्याला त्यांनी दार ओढून घ्यायला सांगितलं. मग उठून मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांनी माझंच परिपत्रक उघडलं. पांढऱ्यावर करडं.

“तुमी लिवलंय ना हे?”

“हो.”

“मला काय दिसतंय सांगू? दुधात तांदूळ सांडल्यावानी दिसतंय. आहे काहीतरी आत. पण उचलता येत नाही.”

त्यांच्या डोळ्याचा पडदा पातळ होत चालला होता. लहानपणापासून रात्रीचं कमी दिसायचं, ते गावात फार कोणी मनावर घेतलं नाही. गेल्या काही वर्षांत दिवसाचंही गेलं. उजेड समोर आला की सगळं विरघळतं, त्या म्हणाल्या. म्हणून काचेला पुठ्ठे. डॉक्टरने सांगितलं होतं की हे थांबत नाही, हळू जातं एवढंच. मेलच्या सेटिंगमध्ये थीमची यादी असते, ती त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत एकटीने बसून पूर्ण तपासली होती. गुलाब लावून पाहिला, बांबू लावून पाहिला, चांदण्या लावून पाहिल्या. कशावरच अक्षर टिकेना. शेवटी स्वतः रंग भरला. काळा. त्यावर पिवळं अक्षर टाकलं, जाड केलं, मोठं केलं. ते टिकलं.

“पण हे तुम्ही पाठवता तेव्हा,” मी म्हटलं. “येणारा मेल कसा वाचता?”

त्या हसल्या. ते दाखवायला त्यांना आवडलं असावं. माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी एक मेल उघडला. त्याचा विषय होता ‘नाशिकची गाडी निघाली का?’

“माझ्या मेलला रिप्लाय केला की रंग तोच राहतो. काळा तर काळा. मग मी सगळ्यांना सांगून ठेवलं, ट्रान्सपोर्टवाल्यांना, स्टोअरला, गेटला, की नवीन मेल करायचा नाही. आपला जो मेल आहे त्यालाच उत्तर द्यायचं. नाहीतर मला सापडत नाही, असं सांगितलं.”

“सगळे तसंच करतात?”

“बाईंचं डोकं फिरलंय म्हणतात आनि करतात.”

ती नाशिकची गाडी केव्हाच निघालेली होती. तिच्यामागे काही वर्षांचे मेल एकाला एक लागून आले होते. कोइमतूरचे पंप, राजकोटचे पंप, एका धरणावर गेलेले मोठे पंप, सगळे ‘नाशिकची गाडी निघाली का?’ या विषयाखाली गेले होते. काळ्यावर पिवळे. मी बराच वेळ खाली सरकवत राहिले. खाली तळ लागला नाही.

कॉम्प्युटरचे रंगच बदलता येतात, सगळ्या पडद्याचे, तशी सोय असते, असं मी सांगितलं. त्यांना माहीत होतं. पण ती सेटिंग ऑफिसने कुलूपबंद ठेवलेली होती. ती उघडायची तर विभागप्रमुखाने कारण लिहून द्यावं लागे. कारण लिहिलं की ते मनुष्यबळ विभागाकडे जातं. त्या कंत्राटावर होत्या. अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वेळी नवं. पुढचं पुढच्या महिन्यात व्हायचं होतं.

“काढणार कोणी नाही मला,” त्या म्हणाल्या. “आपली कंपनी तशी नाही. फक्त पुढचं करणार नाहीत.”

बाहेर फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न वाजवला.

“ताई, गारी लावली. आता तरी मेल टाकतंय का साहेबिनीला गोष्टी सांगतंय?”

“टाकते रे.” त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं नाही. वाकून, कीबोर्डकडे न बघता, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मग म्हणाल्या, “कोणाला सांगणार नाही ना?”

“नाही.”

“मग झालं.”

महापेला परत येताना रिक्षात मी या गोष्टीची बातमी करून पाहिली. सवय होती. कोण, काय, कुठे, केव्हा यांना उत्तरं होती. का, यालाही होतं. पण छापता येणार नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. तसं फार काही वाटत नव्हतं. एक काम समोर होतं आणि त्याला शेवटची तारीख होती.

मी प्रस्ताव तयार केला. कारखान्यात काळा-पिवळा रंग आधीच सगळीकडे असतो. जमिनीवरच्या पट्ट्यांवर, क्रेनच्या हुकावर, फोर्कलिफ्टच्या पाठीवर. तो सावधान राहा असं सांगतो. डिस्पॅचचा मेल इतर मेलमध्ये हरवला तर गाडी अडकते, माल अडकतो. म्हणून डिस्पॅचच्या सगळ्या मेलना, जाणाऱ्या आणि येणाऱ्या, सुरक्षेच्या रंगांची वेगळी थीम असावी. रबाळ्याला ती अनेक वर्षं वापरात आहे आणि लोकांच्या नजरेत बसलेली आहे. प्रस्तावातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. खरं कारण तेवढं त्यात नव्हतं.

बैठकीला रबाळ्याचे कारखाना व्यवस्थापक आले होते. मुख्य कार्यालयातून ब्रँडचं काम पाहणारी एक तरुण बाई व्हिडिओवर होती. ती मूळची पुण्याची निघाली, म्हणून बैठक मराठीत झाली.

“कन्सेप्ट मस्त आहे,” ती म्हणाली. “म्हणजे सेफ्टी इज आवर कल्चर, ते यातून दिसतं. आवडलं मला.”

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना प्रस्ताव कशाबद्दल आहे यात रस नव्हता, पण रबाळ्याचं कौतुक होतंय हे लक्षात आलं होतं.

“फक्त एक,” ती पुढे म्हणाली. “हा काळा फार हेवी होतोय. आणि पिवळा एकदम अंगावर येतो. आपण जरा सॉफ्ट करू या.”

“गडद असला की वाचायला सोपा जातो,” मी म्हटलं.

“सोपं तर राहणारच ना. आमची डिझाइन टीम बघेल.”

“शेडमध्ये उजेड वेगळा असतो. तिथे सॉफ्ट केलेलं दिसत नाही.”

“मॅम, ट्रस्ट मी. डोळ्यांना त्रास होणार नाही असंच करू.”

व्यवस्थापक हसले. “म्हणजे काळी-पिवळी बंद. आता एसी कॅब.”

सगळे हसले. मी इतिवृत्त लिहीत होते. ‘प्रस्ताव तत्त्वतः मंजूर. रंगछटा मुख्य कार्यालय निश्चित करेल,’ असं मी लिहिलं. त्या वाक्यात काही चूक नव्हती. आणखी बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि न सांगण्याचा शब्द मी दिला होता. मी वहीचं पान उलटलं.

थीम आली ती ओल्या सिमेंटच्या रंगाची होती. त्यावर सायीच्या रंगाची, बारीक अक्षरं. डाव्या कोपऱ्यात एक छोटं हेल्मेट. नाव होतं ‘डिस्पॅच सेफ्टी थीम’. दिसायला ती छान होती. मला ऑफिसात दोघातिघांनी अभिनंदन म्हटलं, कारण संपूर्ण समूहात स्वतःची वेगळी थीम मिळालेला तो एकच विभाग होता. मी मुख्य कार्यालयाला लिहिलं की रंग अधिक गडद हवेत. उत्तर आलं की रंग आता सर्व गटांमध्ये मंजूर झाले असून पुढचा आढावा वर्षअखेरीस होईल. उत्तर पांढऱ्यावर करडं होतं.

ठरलेल्या सोमवारी सर्व्हर बदलला. जुन्या मेलना उत्तर दिलं तरी नवी थीम लागू लागली. नाशिकच्या गाडीचा मेल त्या दिवशी सिमेंटचा झाला.

अकराच्या सुमारास बाईंचा फोन आला.

“मॅडम, हे काय आलंय?”

“तेच आहे. तुमचंच मंजूर करून घेतलं होतं. त्यांनी रंग बदलले.”

फोनमध्ये मागे कोणीतरी पत्रा ओढत होतं.

“याच्यापेक्षा पांढरं बरं होतं,” त्या म्हणाल्या. “पांढऱ्यात काहीतरी लिवलंय एवढं तरी कळायचं. हे तर निस्ती भिंत आहे.”

“मी परत लिहिते त्यांना.”

“नको. आता तुमी काय करू नका. तुमी केलं की ते आणखी चांगलं करतात.”

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. मी फोन ठेवला आणि दुपारपर्यंत निवृत्तीच्या एका निरोपाचा मजकूर दुरुस्त केला.

पुढचा आठवडा त्यांनी फोनवर काढला. ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगायचं की मेल टाकलात तरी फोन करा. मेल उघडायचा आणि फोर्कलिफ्टवाल्याला दारातून हाक मारायची. तो उतरून यायचा आणि वाचायचा. त्याचं वाचन सावकाश होतं, आणि तो प्रत्येक मेल शेवटच्या सूचनेपर्यंत वाचायचा, ‘कृपया पर्यावरणाचा विचार करून छपाई टाळा’ इथपर्यंत. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. “ताई बोलायची, आरं तेवढं सोर. मी बोल्लो, लिवलंय तं वाचाय नको?” तो वाचायला आत यायचा तेवढा वेळ त्याची फोर्कलिफ्ट उभी राहायची, आणि उभी फोर्कलिफ्ट सगळ्यांना दिसते. व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं की गाड्यांना उशीर का होतोय. तेव्हा त्याने टायरचं कारण सांगितलं.

दुसऱ्या वेळी तो टायरचं सांगत होता ते बाईंनी ऐकलं. त्या उठल्या आणि व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या.

या भेटीबद्दल मी दोघांकडूनही ऐकलं. दोन्ही हकिगती बहुतेक जुळतात.

व्यवस्थापकांनी सांगितलं की बाई आल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, आणि म्हणाल्या की मला मेल दिसत नाही. त्यांना आधी वाटलं इंटरनेट बंद आहे. त्यांनी कॉम्प्युटर विभागाला लावायला फोनही उचलला. बाईंनी सांगितलं, फोन ठेवा साहेब, मेल आलाय, मला दिसत नाही. मग सगळं सांगितलं. पुठ्ठ्यांचं, काळ्या रंगाचं, नाशिकच्या गाडीचं. व्यवस्थापक मला म्हणाले, “मी घाबरलो हो. इतकी वर्षं माल कोणाच्या भरवशावर जात होता?”

बाईंनी सांगितलेलं पुढचं असं. व्यवस्थापकांनी विचारलं, “कधी चुकीची गाडी गेली का?”

“नाही साहेब.”

“एकदाही?”

“रजिस्टर बघा.”

“मग आत्ता का सांगताय?”

“आत्ता चुकंल म्हणून.”

व्यवस्थापकांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. त्या बाहेर बाकावर बसल्या. तिथून शेडचं दार दिसतं, म्हणजे इतरांना दिसतं. त्यांना तो उजेडाचा एक चौकोन दिसत होता. आतून व्यवस्थापकांनी मनुष्यबळ विभागाला फोन केला, मग कोणाला तरी मुख्य कार्यालयात. मग मला.

“तुम्हाला माहीत होतं का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग त्या मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?”

“त्यांनी सांगू नका म्हटलं होतं.”

“तुम्ही पेपरवाले,” ते म्हणाले, आणि वाक्य पूर्ण न करता फोन ठेवला.

कुलूपबंद सेटिंग उघडायचं आता कोणी सुचवलं का, हे मी मनुष्यबळ विभागाला विचारलं. मीच सुचवते आहे, असंही म्हटलं. ती मुलगी म्हणाली की सेटिंग उघडता येईल, पण आता मेडिकल रेकॉर्डवर येईल, आणि डिस्पॅच ही जबाबदारीची जागा आहे, उद्या काही झालं तर सही कोणाची? ती वाईट मुलगी नव्हती. अस्वलं काढल्यापासून तिचे मेल मलाच लिहून द्यावे लागत होते. बाईंच्या कंत्राटाचं पत्रही माझ्याकडेच आलं, भाषा बघायला. ‘मुदत संपल्यानंतर नूतनीकरण होणार नाही,’ असं त्यात होतं. भाषेत बघण्यासारखं काही नव्हतं. मी ते तसंच परत पाठवलं.

व्यवस्थापकांनी एक केलं. कारखान्याच्या फाटकावर गाड्यांचा नंबर पुकारायला माणूस लागतो. गाड्या बाहेरच्या रस्त्यावर रांगेत उभ्या असतात, ड्रायव्हर खिडकीपाशी येऊन गाडीचा नंबर आणि माल सांगून जातो, आणि पाळी आली की भोंग्यावरून नंबर पुकारतात. ते काम सुरक्षा ठेकेदाराकडे होतं. व्यवस्थापकांनी ठेकेदाराला सांगून बाईंना तिथे लावलं. म्हणजे काम राहिलं, कंपनी गेली. कंपनीचं ओळखपत्र जमा करावं लागलं, कॅन्टीनचं जेवण बंद झालं, आणि गणवेशाचा निळा शर्ट आला, पुरुषांच्या मापाचा.

डिस्पॅचमध्ये नवी मुलगी आली. कोपरखैरण्याची, कॉमर्स झालेली, चटपटीत. तिला मेलचे नियम समजावून द्यायला मी पुन्हा रबाळ्याला गेले. खोलीच्या काचेचे पुठ्ठे काढलेले होते. पुठ्ठ्यांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोन तेवढे राहिले होते. मी तिला थीम कुठे असते, बदलायची का नाही, डिस्पॅचला वेगळी का, ते सांगितलं. का, हे प्रस्तावातलं सांगितलं.

“मॅडम, एक विचारू?” ती म्हणाली. “हे ग्रे काढून पांढरं करता येईल का? वाचताना डोळे जाम दुखतात.”

“विभागप्रमुखांकडून कारण लिहून आणावं लागेल.”

“डोळे दुखतात, हे कारण चालेल?”

“चालेल. पण वर्षअखेरीस.”

तिने ‘ओके’ म्हटलं आणि डोकं पडद्याजवळ नेऊन वाचायला लागली.

बाहेर पडताना फाटकावर थांबले. बाई खिडकीत बसल्या होत्या. समोर माइक, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी खिडकीपाशी उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “नंबर सांगा.”

“मी आहे. महापेची.”

“मॅडम होय? मला वाटलं नवीन क्लीनर.” त्या हसल्या. “आवाज आला नाही तवर सगळी माणसं सारखीच.”

“कसं चाललंय?”

“चाललंय. हितं वाचायला काही नाही ते बरंय. नवरा म्हणतो, आता तू बाजारातल्यासारखी ओरडतेस.”

एक ड्रायव्हर माझ्या बाजूने खिडकीत वाकला, नंबर सांगितला, राजकोट म्हणाला, आणि गेला. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. ओठ हलवून एकदा म्हटलं, बस.

“तो मेल अजून तसाच आहे का?” त्यांनी विचारलं.

“सिमेंटचा? आहे.”

“मग दिसतो सगळ्यांना?”

“दिसतो. नव्या मुलीचे डोळे दुखतात म्हणाली.”

बाईंनी हात पुढे करून माइकचं बटण चाचपलं, ते सापडलं, आणि त्यांनी पुढच्या गाडीचा नंबर पुकारला. भोंगा माझ्या डोक्यावरच होता. रस्त्यावरच्या रांगेत कुठेतरी एक इंजिन सुरू झालं. गाडी पुढे येऊ लागली, तेव्हा मला वाटेतून बाजूला व्हावं लागलं.